तात्यांचं सोंग

परवा महाडच्या बाजारात सुकट घेत होते, तेवढ्यात एका बाईने माझा दंड धरला. "अहो, तुम्ही त्या हॉस्पिटलातल्या सिस्टर ना? इंजेक्शन देताना तोंड फिरवता त्या?" म्हटलं, हो बाई, तीच मी. माझं नाव तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तीस वर्षं झाली टीव्हीवर काम करते आहे. सिस्टर झाले, शेजारीण झाले, सासूची धाकटी बहीण झाले, कोर्टातली शिपाईण झाले, दोनदा तर एकाच मालिकेत वेगवेगळ्या बायका झाले आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. लोकांना माझा चेहरा ठाऊक आहे, नाव नाही. याचं वाईट वाटतं का? वाटतं. खोटं कशाला बोलू? पण ज्या मुलींची नावं पडद्यावर आधी येत होती त्यातल्या निम्म्या आज कुठे आहेत कुणास ठाऊक, आणि मला अजून महिन्यातले पंधरा दिवस गाडी न्यायला येते. नवे दिग्दर्शक माझ्या मुलाच्या वयाचे असतात. एकाने मागे विचारलं, "मॅडम, ही बारीक कामं तुम्ही आणता कुठून?" मी म्हटलं, "वरंधहून." त्याला वाटलं मी थट्टा करते आहे, आणि तो हसून पुढच्या शॉटकडे वळला. बरंच झालं. खरं उत्तर त्याला उभ्या उभ्या देता आलं नसतं. ते इथे लिहून टाकते, म्हणजे सुटले.

आमची वाडी वरंधच्या अलीकडे, रस्त्याला लागून. पस्तीस-चाळीस घरं. शेती पावसापुरती, बाकी सगळं महाडच्या औद्योगिक वसाहतीच्या जिवावर. माझे वडील, ज्यांना घरात आणि गावात सगळे तात्याच म्हणत, ते कामगारांची बस चालवायचे. बस ठेकेदाराची होती, जुनी, पुढच्या दाराला दोरी बांधलेली. रात्री ती मराठी शाळेच्या पटांगणात उभी असायची आणि सकाळी सहाला पहिल्या पाळीची माणसं घेऊन निघायची. माझं सगळं बालपण त्या इंजिनाच्या आवाजावर उठलं. आधी दोनदा खोकल्यासारखं व्हायचं, मग घरघर, मग खालच्या वळणावर एक लांब हॉर्न. मी एकोणीस वर्षांची झाले त्या वर्षी तो हॉर्न ऐकला की मगच आई चुलीवरचा तवा उतरवायला लागली. त्या आधी नाही. भाकरी करपली तरी नाही. तो वाजेपर्यंत ती कुणाशी बोलत नसे. मला वाटायचं, आईची काहीतरी खोड आहे.

तात्या उंच, काटक आणि फार नीटनेटके. खाकी कपड्यांना स्वतः इस्त्री करायचे, कोळशाची. बोलणं कमी. पण जेवताना त्यांना गप्पा लागायच्या, आणि आमच्याकडे जेवण म्हणजे तांदळाची भाकरी, वालाची आमटी, आणि नदीला मासे आले की पातळ कालवण. त्या वर्षी आई त्यांच्या ताटातल्या माशाचे काटे काढून द्यायला लागली होती. मी चिडवायचे, "आई, नवरा फार लाडावून ठेवलास गो." आई हसायची नाही. तात्याच म्हणायचे, "म्हातारपणी लाड नाय करायचे तर कधी करायचे?" त्यांचं वय तेव्हा अठ्ठेचाळीस होतं. दाराच्या चौकटीला त्यांचा उजवा खांदा आपटायचा, तेव्हा म्हणायचे, "दारं बुटक्या माणसांनी बांधलीत." जेवायला बसताना भिंत उजव्या हाताला येईल असेच बसायचे. आई चहाचा कप नेहमी डाव्या बाजूला ठेवायची. हे सगळं मी बघत होते. तुम्ही म्हणाल, मग कळलं कसं नाही? नाही कळलं. एकोणीस वर्षांची होते, महाडला कॉलेजात जात होते, आणि माझ्या डोक्यात दुसरंच वारं होतं. पोलादपूरला मामाकडे सुट्टीत गेले असताना तिथल्या हौशी मंडळींच्या नाटकात एक म्हातारी केली होती. तीन वाक्यं होती. तिसऱ्या वाक्याला टाळी पडली. तेव्हापासून मी ज्याच्या त्याच्या चालण्याची, खोकण्याची, पदर सावरण्याची नक्कल करत सुटले होते. कुणी दिसलं की अंगात घ्यायचं. त्या माणसाला काय होतंय, हा प्रश्न मला पडायचाच नाही.

आता शिमग्याचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या वाडीत होळीनंतर दुसऱ्या दिवशी दुपारी सोंगं निघायची. गावकीचा दंडक असा की घरटी एक सोंग. कुणी अस्वल व्हायचं, कुणी वाघ, कुणी साहेब. ज्या घरातून सोंग निघणार नाही त्या घराचं वर्षभर नाव निघायचं. आणि दुसरा दंडक असा की तोंडाला रंग असेपर्यंत सोंगाने काहीही बोलावं, कुणाचीही टर उडवावी, त्याला कुणी हात लावायचा नाही. रंग धुतला की बोललेलं पाण्याबरोबर गेलं. त्याचा राग धरायचा नाही, त्याची चर्चा करायची नाही. तात्या दरवर्षी म्हातारी व्हायचे, आईचं जुनं लुगडं नेसून, आणि झकास करायचे. त्या वर्षी म्हणाले, "मला जमणार नाय." आई लगेच म्हणाली, "नका जाऊ." मला भाऊ नाही. मी म्हटलं, मग मी जाते. आई ओरडलीच. "बाईमाणसं सोंगं घेतात काय? लोकं काय म्हणतील?" मी म्हटलं, लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू दे, आपल्या घराचं नाव मी निघू देणार नाही. तात्या ओटीवर बसले होते. मला वाटलं ते अडवतील. ते एवढंच म्हणाले, "जाऊ दे तिला. कोण व्हनार हायस?" मी म्हटलं, सांगणार नाही.

दोरीवरची त्यांची दुसरी खाकी मी हळूच काढून घेतली होती. मागच्या पडवीत कोळशाने मिशा काढल्या, केस टॉवेलात बांधले, वर टोपी. सायकलचा जुना टायर हातात घेतला, ते स्टेअरिंग. आणि मागे वीसेक पोरं एका दोरीला धरून, ते कामगार. ढोल वाजत होते, पहिल्या घरापासूनच लोक हसून लोळायला लागले. "अरं, तात्या! ह्यो तर तात्या!" मी बस सुरू करायच्या आधी फडक्याने स्वच्छ आरसा पुन्हा पुसला, तात्या पुसायचे तसा. प्रत्येक वळणाला एक नव्हे, तीन हॉर्न दिले. आणि वळणावर नुसती मान नाही, खांद्यापासून अख्खं अंग उजवीकडे फिरवलं, हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत. "चढले काय रं सगले?" असं आधी डावीकडे आणि मग बऱ्याच वेळाने उजवीकडे. ज्यांनी रोज त्या बसमधून प्रवास केला होता तेच सगळ्यात जास्त हसत होते. एक जण म्हणाला, "आयला, अगदी असंच करतो की रं!" मला नशा चढली होती. आयुष्यात पुढे पुष्कळ टाळ्या घेतल्या, पण त्या दुपारसारखी नशा मला पुन्हा कधी चढली नाही, हे कबूल करते.

आमच्या घराच्या अलीकडे इंदूकाकीचं घर. तिचे दोन्ही मुलगे त्याच बसने पहिल्या पाळीला जायचे. सोंगाला नारळ द्यायची रीत. तिने नारळ आणला आणि माझ्या उजव्या बाजूने पुढे केला. मी घेतला नाही. मी तात्या होते ना, आणि तात्यांना कुणी उजवीकडून काही दिलं तर ते हाताला लागेपर्यंत घेत नसत. तिने नारळ आणखी पुढे केला, मी समोर बघत टायर फिरवतेय. लोक खदाखदा हसले. काकीपण हसत होती. हसता हसता म्हणाली, "अरं, ह्या डायवरला उजव्या अंगाचं दिसत नाय की काय?"

आणि मग तिचं हसू थांबलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. पलीकडे आमच्या ओटीवर तात्या खांबाला धरून उभे होते, त्यांच्याकडे बघत होती. तिच्याबरोबर आणखी दोघा-तिघांनी तिकडे मान वळवली. ढोलवाल्याचा हात सावकाश झाला आणि थांबला. मी अजून टायर धरून उभी होते. तात्या आत वळले आणि जाताना त्यांचा उजवा खांदा चौकटीला आपटला. एवढ्या शांततेत तो आवाज सगळ्यांना ऐकू आला. त्या क्षणापर्यंत मला खरंच माहीत नव्हतं हो. मी फक्त बघितलं होतं आणि करून दाखवलं होतं.

घरी गेले तर आई मागल्या दारी वाट बघत होती. तिने आधी मला थोबाडीत दिली, कोळशासकट. मग मला घट्ट धरून रडायला लागली. तांदळाच्या डब्यात हात घालून तिने डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली काढून दाखवली. आठ महिन्यांपूर्वी बाजाराच्या निमित्ताने दोघं महाडच्या डॉक्टरकडे जाऊन आली होती. काचबिंदू. उजवा डोळा गेलाच होता, डावा औषधावर टिकवायचा होता. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून स्पष्ट सांगितलं होतं. "मग?" मी म्हटलं. आई म्हणाली, "मग काय? तुझी फी कुठून भरणार? खायचं काय? ते म्हणतात, रस्ता त्यांच्या अंगात हाय." मी म्हटलं, आई, समोरून गाडी येते ती उजवीकडून येते. खालच्या वळणाच्या अलीकडे नदीवरच्या मोरीला कठडा नाही. चाळीस माणसं असतात. आई म्हणाली, "मला काय ते माहीत नाय? रोज सकाळी हॉर्न वाजेपर्यंत माझा जीव कुठं असतो तुला काय ठावं?"

संध्याकाळी सहाणेवर, म्हणजे पालखीच्या चौथऱ्यावर, पालखी टेकली होती, तिथे गावकी बसली. आम्हां बायकांना पुढे जागा नव्हती, मी सहाणेजवळच्या वडाच्या मागे उभी राहून ऐकलं. गावकीचे म्हातारे दगडूबाबा म्हणाले, "आज दुपारी काय झालं काय नाय, त्याच्यावर बोलायचं काम नाय. सोंगाचं बोलणं रंगाबरोबर गेलं. आपला दंडक हाय." तात्या खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, कुणीतरी उठेल. रोज त्या बसमध्ये बसणारे पंचवीस-तीस बाप्ये तिथे होते. एकही उठला नाही. का, तेही कळलं. ठेकेदार वर्षभर म्हणत होता की एवढ्या आत बस पाठवणं परवडत नाही. ड्रायव्हर गावचा होता म्हणून बस गावात मुक्कामाला होती. तात्यांचं काम गेलं तर बस बिरवाडीपर्यंतच येणार, आणि पहाटे चारला उठून चालत जावं लागणार. इंदूकाकी माझ्यासारखीच मागे उभी होती. तिने तोंड उघडलं, तसा तिचा थोरला मुलगा फिस्कारला, "आये, गप ऱ्हा. घरी जा." सगळ्यांना दिसलं होतं आणि कुणालाच बघायचं नव्हतं. मला त्या माणसांचा असा संताप आला की काय सांगू! पण मी तरी काय केलं? गप्पच राहिले. दंडक मलाही तेवढाच ठाऊक होता.

सकाळी आईने नेहमीसारखी भाकरी टाकली. तात्यांनी इस्त्रीची खाकी घातली. माझ्याशी एक शब्द नाही, माझ्याकडे बघणंही नाही. ते शाळेकडे निघाले आणि मी त्यांच्या मागे दहा पावलांवर. नुकतं फटफटत होतं. माणसं बसमध्ये चढत होती, एरवी चढताना चेष्टामस्करी चालते, त्या दिवशी कुणी ब्र काढत नव्हतं. तात्या जागेवर बसले, आरसा पुसला, इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. तेव्हा मला इंदूकाकी दिसली. ती उजव्या बाजूने आली होती आणि ड्रायव्हरच्या खिडकीचा गज धरून उभी होती. तात्यांच्या खांद्यापासून हातभर अंतरावर. ती बोलत नव्हती. नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत होती, ते आपल्याकडे बघतात का याची वाट बघत. तिचे दोन्ही मुलगे आत बसले होते. तात्या समोर बघून गिअरचा दांडा चाचपत होते.

मी पुढच्या दारातून आत चढले. दोरी बांधलेलं ते दार हाताला अडकलं, हात खरचटला. माझ्या तोंडाला आता रंग नव्हता. मी ओरडले, "तात्या, मान न वळवता सांगा. तुमच्या उजव्या हाताला कोण उभं आहे?"

कुणीतरी मागून म्हणालं, "सुमन, खाली उतर." मी म्हटलं, नाही उतरणार! काय करायचं ते करा! इंजिन घरघरत होतं. तात्यांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते आणि हाताच्या शिरा वर आल्या होत्या. त्यांना मान वळवता आली असती. किती सोपं होतं, नुसती वळवायची. त्यांनी वळवली नाही. माझ्या आयुष्यात मी त्या माणसाला खोटं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि आठ महिने त्यांना कुणी विचारलंच नव्हतं म्हणून ते खोटं बोललेही नव्हते. त्यांनी कान दिला. काकी श्वास रोखून उभी. बसमध्ये कुणाच्या डब्याची कडी वाजली, तेवढीच.

"कोण नाय," तात्या म्हणाले.

इंदूकाकीच्या तोंडून हुंदका फुटला. अगदी त्यांच्या कानापाशी. तात्या दचकले, अख्खे उजवीकडे फिरले आणि त्यांना ती दिसली. किती वेळ ते तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं, किल्ली काढून मागच्या सीटवरच्या इंदूकाकीच्या थोरल्याच्या हातात दिली आणि खाली उतरले. माझ्या अंगावरून गेले, पण मला स्पर्श केला नाही. त्या दिवशी पहिली पाळी आमच्या वाडीशिवाय लागली.

पुढे जे व्हायचं तेच झालं. बस बिरवाडीला गेली. माणसं पहाटे चालत जायला लागली आणि जाताना आमच्या दारावरून मुद्दाम मोठ्याने बोलत जायची. आम्हाला कुणी उघड वाळीत टाकलं नाही, पण हळदीकुंकवाला आईला बोलावणं यायचं थांबलं. तात्यांना एका कारखान्याच्या गेटवर वॉचमनचं काम मिळालं, निम्म्या पगाराचं. मी कॉलेज सोडून पोलादपूरला एका दुकानात लागले, संध्याकाळी नाटकाच्या तालमीला जायचे. वर्षभर तात्या माझ्याशी बोलले नाहीत. भाकरी वाढली तर खायचे, पाणी दिलं तर प्यायचे. मी बरोबर केलं होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आजही आहे. त्याने काही हलकं होत नाही. सेटवर कुणी मला म्हणतं, तुमच्या आवाजात एक जरब आहे, तेव्हा मनात म्हणते, बाबा रे, एका सकाळी ती फार महाग पडली.

वर्षाने नाटकमंडळींबरोबर मुंबईला जायचं ठरलं. वीर स्टेशनवरून रेल्वे होती. निघायच्या दिवशी दुपारी मी ओटीवर बॅग आवरत होते. तात्या ड्युटीवरून आले, चपला काढल्या, आणि माझ्या समोर भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, "तेव्हा एक चुकलीस तू."

माझा हात बॅगेतच राहिला. मी म्हटलं, काय?

"सोंगात. मान वळवताना तू टायर एका हाताने सोडत होतीस. मी कधी हात सोडला नाय. पंचवीस वर्षांत एकदा नाय." आणि त्यांनी दोन्ही हात पुढे धरून दाखवलं, खांद्यापासून अंग फिरवून, हात जागच्या जागी. "असं. कर बघू."

मी केलं. त्यांनी माझं मनगट धरून थोडं वर सरकवलं. वर्षभराने त्यांचा हात मला लागला. मी हसले, रडले, दोन्ही एकदम, आणि मला वाटलं, सुटले, मिटलं सगळं. "बाकी बरोबर होतं ना?" मी विचारलं. काय ती हाव! तेव्हासुद्धा मला शाबासकीच हवी होती.

"बाकी सगळं बरोबर होतं," तात्या म्हणाले. ते मला नीट बघता यावं म्हणून मान वळवून बसले होते. "इतकं बारीक बघितलंस गो माझ्याकडं. घरात बसून महिनोन् महिने बघितलंस. एकदा इचारायचं होतंस, तात्या, काय होतंय म्हणून. मी सांगितलं असतं."

बाहेर रिक्षावाला हॉर्न देत होता. तात्यांनीच उठून माझी बॅग उचलली.